अकरा शब्द

फेरीबोटीच्या वेळापत्रकामागे लिहून नेले होते
मुर्डोचे अकरा शब्द.
कर्स्टी म्हणाली, "बू" पण धर. धरला.
नवाचे अकरा कसे झाले, हे तिने विचारलं नाही.

स्टॉर्नोवेच्या दवाखान्यात खुर्च्या त्याच्या मापाच्या;
मी गुडघे हनुवटीशी घेऊन बसलो.

बाईंनी चित्र पुढे केलं. आगगाडी.
मुर्डो गप्प.
आमच्या बेटावर रूळच नाहीत, मी म्हणालो.
"बाबांनी मदत करायची नाही," त्या हसल्या,
आणि पेन्सिल किंचित हलली.

मेंढी. गप्प.
रोज दारात त्याच्या टोपीचा गोंडा चावतात, त्या मेंढ्या!
चमचा. त्याने चित्रावर बोट ठेवलं,
मग माझ्याकडे पाहिलं:
बोलायचं काम तुझं.
अडीच वर्षं मीच तर बोलत आलोय त्याच्या आधी,
तोंड उघडायच्या आत दूध, बूट, टोपी हातात.

पेल्याच्या चित्रावर तो म्हणाला, "उश्के."
बाई ग्लासगोच्या. त्यांनी फुली मारली.
पाणी, मी म्हणालो. गेलिकमध्ये. माझ्या वडिलांकडून उचललंय.
ही मदत धरायची की नाही, मलाच कळेना.
त्यांनी फुली खोडली; कागद जरा फाटला.

सहा महिन्यांनी पुन्हा, म्हणाल्या. तोवर घाई करू नका,
थांबा.

गाडीत त्याचा पट्टा लावून मी विचारलं, कुठे जायचं?
आणि तोंड मिटून बसलो.
काचेवर वाफ धरली.
मागून काहीच नाही.
तरी किल्ली फिरवली नाही अजून.