एकच पत्ता

कॅनडा कॉर्नरच्या इस्पितळाचं तळघर.
एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय
आणि मी सर्व्हरच्या पाठीमागे उकिडवा,
तोंडात टॉर्च.

सकाळी नऊ ते अकरा सीटी स्कॅन तुंबतात.
खैरनार मॅडम म्हणतात, "भाऊ, एक चित्र उघडेपर्यंत
माझा चहा होतो, आणि वर भांडणही."
तार एकच. तिच्यावर सोनोग्राफी, बिलं,
औषधांचा साठा, आणि कुणीतरी
चोरून बघतंय ती मॅचसुद्धा.

शेजारचं भोक इतकी वर्षं रिकामंच होतं.
धूळ फुंकली. पिवळी तार खोचली, निळीच्या बाजूला.
मग दोन्ही कार्डांचे पत्ते काढून घेतले
आणि दोघांत मिळून एकच दिला.
पलीकडे स्विचलाही सांगावं लागतं,
बाबा रे, ह्या दोघी आता एक धर,
नाहीतर तो दोन्ही दारांत एकच तोंड बघून बावचळतो.

तपासायची रीत साधी आहे:
चालू कामात एक तार उपटायची.
निळी उपटली.
पडद्यावर एक ओळ गळाली.
मग पुन्हा चौसष्ट, चौसष्ट, चौसष्ट,
जसं काही झालंच नाही.

लोकांना वाटतं, दोन तारा म्हणजे दुप्पट वेग.
तसं नसतं हो.
गर्दी वाटली जाते, एकट्याचं बोलणं नाही.
ज्याची ज्या तारेशी गाठ पडली
तो शेवटपर्यंत तिच्यावरूनच जातो,
दुसरी मोकळी असली तरी.
कारण दोन वाटांनी पाठवलं तर
मागचं पुढे पोचतं, पुढचं मागे,
आणि क्रम गेला की मग राहिलं काय.

अण्णांना हे मला समजवावं लागलं नसतं.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं
त्यांनी नोटांचे नंबर तपासले.
एक नोट मागेपुढे, की अख्खं बंडल बाजूला.

आता ते सिन्नर फाट्याला एकटे.
मी आणि वैजूनं वहीत आखून ठरवलंय:
सोम ते बुध ती, गुरू ते शनि मी,
रविवार ज्याला जमेल त्याचा.
पण अण्णांचं बोलणं एकच आहे
आणि ते वैजूवरूनच जातं, गुरुवारीसुद्धा.
माझा दिवा हिरवा असतो.
लुकलुकत नाही.

पावणेबाराला फोन वाजला, तार हातात असतानाच.
"वैजू लागत नाहीये," अण्णा म्हणाले.
ती साक्रीला, नणंदेच्या मुलीच्या हळदीला; तिथे रेंज नाही.
मग जरा वेळ काहीच नाही, नुसता श्वास.
आणि एकदम, "...तर तो कुलूपवाला काही आलाच नाही,
आणि किल्ली तशीच आत."

कसलं कुलूप? कुठली किल्ली?
आधीचं सगळं तिच्याकडे होतं,
माझ्याकडे हे शेवटचं पान.
"अण्णा," मी म्हणालो, "पहिल्यापासून सांगा."
"पहिल्यापासून?" त्यांनी घसा खाकरला.
"म्हणजे मंगळवारपासून बघ..."

निळी तार अजून मांडीवरच होती.
बादली काठोकाठ आली होती.
मी भिंतीला टेकून बसलो.