साडेसात किलोमीटर

आखाजीच्या आदल्या दिवशी स्कूटर विकली.
मणका ऐकेना.
भाच्यानं वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला:
डिझेल घे आत्या, लिटरला चोवीस देते,
जुनी असली तरी इंजिन दगडासारखं.
मी पान फाडून पर्समध्ये ठेवलं.

गाडी साक्री रोडला निंबाच्या सावलीत उभी होती,
राखाडी, पाच वर्षांत
एक लाख बेचाळीस हजार फिरलेली.
मालक बियाणं कंपनीत फिरतीवर.
तब्येत विचारली गाडीची, तर त्यानं गावं सांगितली:
शिरपूर, सेंधवा, कोंडाईबारीचा घाट,
सुरतेला उजाडताना पोचायचो,
खेतियात एकदा रात्रभर झोपलो हिच्यातच.
मागच्या सीटखाली कपाशीचं एक बी सापडलं मला,
औषधाचा निळा रंग चढवलेलं.
मी ते परत तिथंच ठेवलं.

हिलाल मिस्त्रीनं आधी बॉनेट उघडलंच नाही.
सायलेन्सरच्या तोंडात बोट घालून फिरवलं.
बोट कोरं निघालं.
चांगलंय ना? मी म्हटलं.
तो म्हणाला, नव्या डिझेलला आत जाळी असते,
काजळी बाहेर सोडत नाही ती, धरून ठेवते.
लांब पळवली, इंजिन तापलं,
की आतल्या आत जळून जाते सगळी.
नाही तापलं तर साचते.
मग एक दिवस पिवळा दिवा लागतो
आणि चढावर गाडी मान टाकते.

"रोज कितलं जानं पडस, ताई?"

देवपूर ते अवधान. पांझरेचा पूल, बारा पत्थर,
मग एमआयडीसी.
साडेसात जाताना, साडेसात येताना.

तो हसला नाही. फडक्याला बोट पुसलं,
कोरंच होतं तरी.
"गाडी खोटी नई शे.
तुमना रस्ता धाकला शे."

बाहेर चव्वेचाळीस डिग्री.
डांबर चपलेला धरत होतं,
आणि हा सांगत होता, धुळ्यात
इंजिन तापायला रस्ता पुरत नाही.

एकोणीस वर्षं मी वजनकाट्यावर आहे,
सरकीच्या गिरणीत. ट्रक येतो, भरलेलं लिहिते,
ट्रक जातो, रिकामं लिहिते.
इंदूर, अकोला, राजकोट
माझ्या खिडकीखालून जातात,
काटा हलतो तेवढा.
वाद घालावा असं मिस्त्री काही बोलला नव्हता.
तरी म्हटलं, एक चक्कर मारून बघते.

अवधानचं वळण आलं. हात सवयीनं वळायला लागला,
मी त्याला वळू दिलं नाही.
लळिंगच्या चढाला तिसरा गियर,
किल्ला जवळ आला, मागं पडला.
आर्वीच्या अलीकडे सुई मधोमध येऊन थांबली
आणि आवाज बदलला,
कुणी घसा साफ करून
बोलायच्या बेतात असावं तसा.
मालक शेजारच्या सीटवर, इतका वेळ गप्प.
"आता बरी चाललीय," तो म्हणाला.
माझ्याबद्दल की तिच्याबद्दल, कळलं नाही.

शेवटी पेट्रोल घेतली. पांढरी,
एका निवृत्त पोस्टमास्तरांची,
नऊ वर्षांत एकतीस हजार.
डिकीत त्यांची छत्री राहिली होती, नेऊन दिली.
राखाडी गाडी नंदुरबारच्या कुण्या औषधवाल्यानं नेली म्हणे.
बरं झालं. त्याला अक्कलकुव्यापर्यंत जावं लागतं.

सकाळी पूल, बारा पत्थर, सिग्नल.
गिरणीच्या फाटकाशी सुई
तळातून नुकती उचललेली असते
आणि मी किल्ली फिरवते.
हिलालला एकदा विचारलं, हे असं चालतं का?
दुसऱ्याच कुणाच्या बॉनेटमध्ये डोकं घालून
तो म्हणाला,
"पेट्रोलले चालस तितलं."