घटीचा रकाना

मला वाटायचं, कुलूप आपण घालतो.
मग हुपरीच्या कारखान्यात एका दुपारी,
चांदीचा कीस उडू नये म्हणून पंखा बंद,
घामेजल्या बोटांनी शोधत गेले तेव्हा कळलं:
पत्रकातली प्रत्येक चौकट
जन्मापासून कुलपातच असते,
फक्त किल्ली कुणी फिरवलेली नसते.

म्हणून आधी सगळं निवडायचं,
सगळ्यांची कुलपं काढायची,
आणि मग विचार करत बसायचं
कुणाला परत घालायची.

दिलेली चांदी, मोकळी.
आलेले पैंजण, मोकळे.
तारीख मोकळी, ती तर बदलणारच.
मंजूर घट, मजुरी, बाकी
बंद.
डाग देताना, घासताना
शेकडा दोन ग्रॅम कुठंतरी जातात
हे अण्णांच्या वडिलांच्या वेळेपासून ठरलेलं.

हे सगळं शबाना मुजावरमुळे.
तिच्या नावावर अकरा ग्रॅम निघत होते.
दर शनिवारी ती टेबलासमोर उभी,
पदराची गाठ सोडून चिठ्ठी दाखवायची.
"बाई, माझ्या वजनात खोट न्हाई.
तुमच्या मशिनीला इचारा."
मी मशिनीला विचारलं नाही.
मशीन खोटं बोलत नाही, म्हणाले.
धाकटे मालक मोबाईलमधून मान न काढता हसले.
दोनदा तिची मजुरी कापली.

तिन्ही शनिवारी तेवढेच अकरा.
तेव्हाच समजायला हवं होतं,
चांदी इतकी हट्टी नसते.

चौथ्या शनिवारच्या आधी त्या चौकटीवर क्लिक केलं.
वरच्या पट्टीत सूत्र नव्हतं.
ना वजाबाकी, ना कुठल्या रकान्याशी नातं,
नुसता टाईप केलेला अकरा.
तो कुणी घातला
याचा विचार मी स्वतःला फार वेळ करू दिला नाही.
पण तारखेच्या शेजारीच बाकी.
आणि अकरा तारखेला
माझा हात एक घर उजवीकडं घसरला होता.

पासवर्ड दोनदा लिहावा लागतो,
लग्नात नाव दोनदा विचारतात तसा.
कागदावर उतरवून, पाकीट चिकटवून
अण्णांच्या तिजोरीत ठेवला.
पैसे परत देताना मी कारण सांगितलं.
सगळं नाही. तारखेचं सांगितलं नाही.
मग पुढच्या शनिवारी तेही सांगितलं.

ती काही बोलली नाही.
खुर्ची ओढून माझ्या बाजूला बसली.
आता वजन तिच्या डोळ्यांदेखत भरते.
"ह्ये बंद हाय नव्हं?"
बाकीवर तिचं बोट, नखात अजून चांदीची काळी रेघ.
मी त्या चौकटीत मुद्दाम सात दाबते.
पत्रक नाही म्हणतं.
"आनी तुमी दाबलं तरी?"
"मीच दाबलं की आत्ता."

ती मान हलवते.
चिठ्ठी मात्र
अजून आणते.