साख्ली

एकतीस वर्षं भूमी अभिलेखात काढली.
शंकू रोवले, साखळी ओढली,
भावाभावांच्या मध्ये दगड पुरले,
आणि आता त्बिलिसीच्या एका थांब्यावर
हातातल्या निळ्या ठिपक्याला विचारतोय,
बाबा रे, मी कुठं आहे?

ठिपका म्हणतो, नदीत.

नदीत नाही मी.
बाकावर बसलोय, माकडटोपी घालून.
समोर केकच्या दुकानाची पाटी,
तिच्यावरची अक्षरं अशी
की विणता विणता कुणी मध्येच उठून गेलंय.
भाचीची आज शरीररचनेची तोंडी परीक्षा.
निघताना म्हणाली, मामा, फोन सांगेल तसं करा,
त्याच्याशी वाद घालू नका.

बस तीन मिनिटांत.
बस तीन मिनिटांत.
बस एका मिनिटात.
बस गेली.
रस्ता रिकामाच होता,
ती फक्त माझ्या फोनमधून गेली.

शेजारची बाई हसली. एक दात सोन्याचा,
मांडीवर मक्याच्या पिठाची पिशवी.
छातीवर हात ठेवून म्हणाली, लामारा.
मी म्हणालो, पद्माकर.
"पदमा," ती म्हणाली, आणि तेवढं पुरे अशी मान हलवली.
पूल दुरुस्तीला काढलाय, हे तिनं
दोन तळवे जोडून, मग तोडून दाखवलं,
आणि मला बाहीला धरून दुसऱ्याच बसमध्ये चढवलं.

फोन घाबरला.
उतरा, म्हणाला. पुढच्या थांब्यावर उतरा. मागे वळा.
"आरा," लामारा म्हणाली.
मला आधी चाकाचा आरा दिसला.
मग कळलं, आरा म्हणजे नाही.
तासाभरात आणखी दोन शब्द मिळाले:
आक म्हणजे इथं, इक म्हणजे तिथं.
एवढ्यावर माणसाचं बरंच भागतं.

मग तिनं फोन मागितला.
दोन बोटांनी शहर चिमटीत धरून बारीक केलं,
देश पश्चिमेकडे सरकवत नेला,
डोंगर गेले, नद्या गेल्या, काळा समुद्र आला,
आणि किनाऱ्यालगत एका ठिकाणी
नखानं टकटक केली, दार वाजवावं तशी.
ओचामचिरे.
"साख्ली," ती म्हणाली. "चेमी साख्ली."

साखळी?
मला वाटलं, हिला कसं कळलं माझं काम?
मीही मान डोलावली, हो हो, साखळी,
आणि हातांनी ओढून दाखवली, हे एवढे दुवे, असे.
ती माझ्या हातांकडे बघत राहिली.

मग बोटानं फोनवर दोन टोकं दाखवली:
आक. इक.
वाट काढ.

मी काढली.
चक्र फिरलं, फिरलं.
वाट सापडत नाही, असं आलं,
माझ्याच भाषेत आलं, शुद्ध मराठीत,
जणू अर्ज मीच निकाली काढला,
खाली माझीच सही.
तिला वाचता येत नव्हतं,
पण वाचायची गरज कुठं होती.
पिशवीची गाठ तिनं सोडली, पुन्हा घट्ट बांधली.
खिडकीबाहेर कुणी गालिचा झटकत होतं.

माझा थांबा आला तेव्हा तिनंच मला ढकललं.
ठिपका अजून नदीच्या आसपासच होता.

रात्री भाचीनं सांगितलं,
अहो मामा, साख्ली म्हणजे घर.
चेमी म्हणजे माझं.
युद्धात निघून आलेले खूप आहेत इथं,
आमच्या हॉस्टेलच्या मावशीसुद्धा.
आणि ती पुढची हाडं पाठ करायला लागली.

मी फोन घेतला.
वाट नसली तरी दोन टोकांमधलं अंतर
तो सरळ रेषेत देतो, हे मला माहीत होतं.
दिलं त्यानं: दोनशे चौऱ्याण्णव किलोमीटर.
सवयीनं दोनदा मोजलं. तेवढंच आलं.

मोजणी पूर्ण.
ताबा: रकाना कोरा.
अर्जदाराचं नाव लिहायला गेलो
तर आडनाव विचारायचंच राहिलं होतं.