खोका

कळमन्यात आंबिया बहाराचे दिवस.
ट्रक उतरतो, मी वहीत रेघ ओढतो:
एक खोका, एक रेघ. चार झाल्या की पाचवी आडवी.
एकतीस वर्षांत याहून जड काही
मी उचललेलं नाही.

म्हणून मेयोच्या ओपीडीत
हिरव्या पडद्यामागं डॉक्टरीण म्हणाली, "खोका",
तेव्हा डोमाजीनं जमिनीवर पाहिलं,
"कोठी हाय जी?"
आणि गुडघ्यात वाकला, उचलायला.

ती हसली नाही.
"तसं नाही, बाबा. खोकला. असा."
त्यानं खोकून दाखवलं, मालक बघत असल्यासारखं, जोरात.
तिची दोन बोटं त्याच्या जांघेत, दारावर कान लावावा तशी.
"काही नाही. शीर ताणली आहे. आठ दिवस आराम."

मला बरं वाटलं. हमालाला सुट्टी, मला कोर्टकचेरी नाही.
बरं वाटलं की मला विडीचा खोकला येतो.
तो आला,
आणि माझा हात आपोआप डाव्या जांघेवर गेला,
जसा दोन वर्षं जातो आहे,
सुटणारं धोतर धरावं तसा.

तिनं हात पाहिला.
"काका, तुम्ही या आत."

मी म्हणालो, मी तर लिहिणारा माणूस.
मॅडम, हे ओझ्याचं दुखणं ना?
"ओझं असतं," ती म्हणाली, "पण एकटं नसतं.
विडी किती? खोकला कधीपासून?
संडासला बसल्यावर कुंथावं लागतं?
पोट केव्हापासून असं पुढं?
वडलांना होतं का?"

वडील.
परसातल्या दोरीवर, धोतरामागं लपवून
वाळत असायचा त्यांचा कापडी पट्टा.
आई सांगायची, पाठीचा आहे.
आम्ही भावंडं त्याचा लगाम करायचो,
घोडा व्हायची पाळी नेहमी माझी.

"शंभर पुरुष घेतले," ती हात धुता धुता म्हणाली,
"तर पंचवीसेकांना, आयुष्यात कधी ना कधी.
लाजायचं काय त्यात?
एकदम दुखलं, फुगवटा आत जाईना, उलटी झाली,
तर तारीख बघायची नाही, सरळ कॅज्युअल्टी."

मोजणं माझं काम.
बाहेर आलो आणि रांग मोजत सुटलो:
केसपेपरवाला, ऑटोवाला, चष्म्यातले मास्तर,
चौथा तो हवालदार, पट्टा जरा वर घेतलेला.
बाकावर एक बाई बसलेली,
लुगड्याखाली बेंबीशी मुठीएवढा उंचवटा,
मांडीवर तिसरं लेकरू.
बायकांत कमी, म्हणाली होती डॉक्टरीण.
कमी म्हणजे ही.

गेटाशी खर्रा घोटणाऱ्याचा ठेला.
मी पुढं गेलो. चार पावलं.
मग मागं वळून पाहिलंच.

"जाळी लावतात म्हणे आतून," मी डोमाजीला सांगितलं.
"संत्र्याच्या थैलीले रायते तशी?"
"तशीच असेल."
तो बराच वेळ गप्प चालला.
मग माझ्या काखेतली वही ओढून घेतली,
जिचं वजन पावशेरही नसेल,
आणि आपल्या डोक्यावर ठेवली.

"आता तुमी खोकू नोका," म्हणाला,
आणि स्वतःच इतका हसला
की त्यालाच खोकला आला.
मी त्याच्या हाताकडं पाहिलं.
दोन्ही हात वहीवर होते.