तळटीप

"प्राचीन काळापासून सोलापूर हे..."
इथंच कोळ्ळी सरांचं पेन अडलं.
समासात लाल शाईत: कशावरून?
पुढं, "सर्व कामगार एकजुटीने संपात उतरले."
सर्व? मोजलेस?

साखर पेठेत घरी आले.
आप्पांनी माग थांबवला, कानातला कापूस काढला
आणि शंभरदा सांगितलेलं पुन्हा सांगितलं:
पहिल्या दिवशी फाटकासमोर मीच पुढं होतो.
तारखेसकट लिहून घेतलं.

मग पुरावा हवा म्हणून
ट्रंकेतल्या चादरीच्या घडीतून हजेरीकार्ड काढलं.
त्या तारखेला: हजर. दुसरी पाळी.
पगार उचलल्याची सही, तेलुगूत, ठसठशीत.

रात्री शेजारचेही माग बंद झाले
तोवर तीन वाक्यं लिहून खोडली होती.
आप्पा खोटं बोलतात,
असं कार्ड म्हणत नाही.
त्याच महिन्यात मी जन्मले,
पण दवाखान्याची पावती
ट्रंकेत सापडली नाही.

शेवटी त्यांचं म्हणणं वर लिहिलं,
कार्ड तळटिपेत.
मधे एक बारीक रेघ,
पट्टी न लावता ओढलेली.

दहापैकी सात.
तीन कशात गेले, लिहिलं नव्हतं.
तळटिपेशेजारी, या वेळी पेन्सिलीनं:
विचारलंस का त्यांना?