शंभर ग्राम

जानोरी फाट्यावरच्या पॅकहाऊसमध्ये मी कागद सांभाळते.
द्राक्षाला माझा हात लागत नाही.
हाताखालून जातो त्याचा प्लॉट नंबर,
रेसिड्यूचा अहवाल, फायटो, कंटेनरचं सील,
आणि तीन आठवड्यांनी तिकडून आलेले फोटो.

फोटोत एक हात असायचा.
मणी दोन बोटांत धरून मापाच्या भोकाशी नेणारा,
निळा हातमोजा,
मार्चमध्ये मनगटावर लाल-पांढरा दोरा.
खाली सही: मिहाएला डी., केंट.
देठ हिरवे, माल चांगला.
कधी शेजारी पेनाने काढलेला हसरा चेहरा.
दोरा कसला, ते मी कधी विचारलं नाही.
फॉर्मात त्याला रकाना नव्हता.

मग त्यांनी मतं टाकली.
जून होता, शेड रिकामं,
कात्र्या तेल लावून डब्यात.
पौंड रात्रीतून आठ रुपयांनी उतरला
आणि हंगामातल्या शेवटच्या चार कंटेनरचा हिशेब
लंगडत नाशिकला पोचला.
मालक म्हणाले, घर त्यांचं, भांडण त्यांचं,
वकिलाची फी तेवढी आपल्या खात्यावर.

काडीमोड पुरा व्हायला साडेचार वर्षं गेली.

आधी माल रॉटरडॅमला उतरायचा
आणि तिथे ठरायचं, कुठला ट्रक कुठे.
मधली समुद्राची चिंचोळी पट्टी
कुणी हिशेबात धरत नसे.
आता न्हावाशेव्याच्याही आधी,
घड अजून वेलीवर असताना,
मलाच ठरवावं लागतं, हा इंग्रज की युरोपी.
लेबल वेगळं, फायटो वेगळं.
एक अक्षर चुकलं की डबा बंदरात
प्लग लावून उभा,
आणि भाडं चढत राहतं.
माझ्या एकटीचं काम दोघींना पुरेना तेव्हा
नगमा पिंजारी लागली, बारा हजारांवर.
हेही लिहून ठेवलं पाहिजे:
तिथला गोंधळ इथे कुणाचा तरी पगार झाला.

फोटोतला हात गेला.
एका फेब्रुवारीत दुसरा आला, दोरा नसलेला,
पुढच्या साली नुसतीच पट्टी, मण्याशेजारी ठेवलेली,
आता सहीच्या जागी मशीनचा क्रमांक.
मालकांचा भाचा म्हणाला,
तिकडे माणसंच मिळत नाहीत, गेली आपापल्या गावी.
कुठल्या गावी, ते त्यालाही माहीत नव्हतं.

आणि यंदा नवं माप आलं.
पनेट पाचशेचं चारशे.
किंमत तीच, झाकण तेच, झाकणावरचं चित्र तेच,
तळ तेवढा आतून उचललेला.
मी ते मराठीत करून भिंतीवर चिकटवलं.

जयवंती भोये सुरगाण्याहून हंगामाला येते.
पाचशे तिला काट्याकडे न बघता कळायचे.
चारशे हाताला येईनात.
दोन दिवस तिचं प्रत्येक पनेट भारी,
सुपरवायझर एक काडी काढायचा,
मग आणखी एक.
तिसऱ्या दिवशी भाकरी सोडून ती भिंतीपाशी आली.
ताई, हे शंभर ग्राम कोन खातं?

मी सांगायला लागले. तपासणी, डिझेल,
बंदरातली रांग, घसरलेला पौंड, तिकडची मजुरी.
डॉक्टरचं ऐकावं तसं तिनं ऐकलं.

म्हंजे तिकडल्या बाईला बी कमीच भेटतं?
हो.
पैशे तेवढेच मोजून?
हो.
मंग तिला कळत असंल की.
डोळ्याला नसंल कळत. हाताला कळतं.

तीन आठवड्यांनी मेल आला, एका पेटीबद्दल.
दहाही पनेट पाचशेची, झाकणं फुगलेली.
वजन जादा, मापात विसंगती, कारण कळवा.
सोबत फोटो, हात नसलेला.
पॅकरचा नंबर बघितला. एकोणचाळीस.
बाहेर एकोणचाळीस नंबरची कात्री चालू होती,
मान खाली, काट्याकडे बघून.

कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, सवय.
मग ते खोडलं
आणि काट्यावर ढकललं.